वाढ्याची गाठ

१० नोव्हेंबर
निके, तू दिलेली वही आज उघडली. चौथीत शाळा सुटली तरी दादाला लिहिता येतं, हे मैत्रिणींना दाखव. सुरतेचं काम सोडलं. लोणी देवकरच्या एका कंपनीत लागलो. खोली शेजारच्या वाडीत, फुलाबाईंच्या खानावळीमागं. मावशी आपल्या धारूरकडची निघाली! नवऱ्यासंगं ऊसतोडीला आलेली. नवरा दुसरीकडं काम बघून येतो म्हणून गेला तो परतलाच नाही, ही इथंच राहिली. म्हणाली, लखन, माझ्या दारात उपाशी झोपायचं न्हाय. ज्वारीची भाकरी, खलबत्त्यातला ठेचा. पोट भरलं की नोकरी टिकते म्हणतात. बघू, संक्रांतीपर्यंत तरी टिकवतो.

१३ नोव्हेंबर
शिफ्ट सुटली की गुलजारचाचांच्या टपरीवर बसतो. इथं राजकारणापेक्षा एका जुन्या भानगडीवर जास्त भांडण चालतं. तीसेक वर्षांमागं उसाच्या फडात एकामागून एक चार पोरं मेलेली सापडली. सगळी बाहेरून कामाला आलेली, एकटी. अंगावर मार नाही, ओठ वाळून कडक झालेले. हातपाय उसाच्या वाढ्यानं बांधलेले, मोळी बांधतात तसे. वाढं म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तुला काय सांगायचं. चौथं प्रेत चाचांनी स्वतः उचललं. म्हणाले, गाठीचं टोक दोनदा आत खोचलं होतं, हातानं सुटेना, विळा लावावा लागला.
पोलीस थकले, लोक थकले नाहीत. नव्या माणसानं आपला संशयित सांगायचा, ही इथली रीतच. नाही सांगितला तर चहा नाही, असं चाचा हसत म्हणाले.

१६ नोव्हेंबर
संशयित तीन. इंद्रजित मुकादम, टोळ्या त्याच्या हाताखाली, तो मेला. कॅनॉलचा पाटकरी, रात्री-अपरात्री फडात त्याचीच बत्ती, तोही मेला. उरले गेणबा, सगळे त्यांना आबा म्हणतात. शेवटची दोन प्रेतं त्यांच्याच फडात निघाली. कोर्टात काही ठरलं नाही, गावानं ठरवलं. आबा टपरीवर येतात, पण बाकड्याच्या टोकाला, घरून आणलेल्या कपात चहा घेतात. नात सोनमचं जमलेलं लग्न त्यापायीच मोडलं. मी मुकादमाचं नाव घेतलं. सगळे ओरडले, मेलेल्याला धरतोस व्हय रं, भित्र्या! आबांनी मान वर केली नाही.

२० नोव्हेंबर
पलीकडच्या फडात टोळी उतरली. बघत उभा राहिलो आणि डोक्यात लख्ख पडलं. निके, आपल्या बापानं कधी मोळी बांधली का? तुझ्या वेळी आई दिवस भरलेली, तेव्हा बापानं बांधल्या आणि गाडीत चढवताना सगळ्या सुटल्या. आपल्या टोळीच्या मुकादमाच्या शिव्या अजून कानात आहेत. गडी तोडतो, बाई बांधते. इथल्यांनी आयुष्यभर ऊस लावला, तोडला कधीच नाही. तीस वर्षं नुसते कोयतेवाले गडी मोजत बसले.
टपरीवर सांगितलं. जोरात हसले. चाचा म्हणाले, मग काय आमच्या सलिमाच्या अम्मीनं बांधली? ती तर मला बांधून बसलीय! आबा हसले नाहीत. उठून माझा हात धरला. म्हणाले, पोरा, सोमवारी इंदापूरला चल, हेच पोलिसांना सांग. मरायच्या आधी नाव धुऊ दे.


२२ नोव्हेंबर
चाकणहून फोन आला, तिथं जास्त चांगलं काम आहे. मन इथून उडालंच होतं. सोमवारी आबांसंगं इंदापूर, तिथून परस्पर चाकण. मावशीला सांगितलं. तिनं परात पुसून फळीवर ठेवली. मग म्हणाली, ती चार पोरंबी माझ्याकडंच जेवायची. सगळ्यांनाच जायचं होतं.
मोळीचं म्हणाली, ऐकलंय मी टपरीवरचं. हुशार हाईस.
मला कसंतरीच वाटलं. पण आपल्या मुलखाची बाई. उद्या रविवार, पुरण घालते म्हणाली.

२३ नोव्हेंबर, दुपार
जेवलो. कटाची आमटी कडू लागली. मावशी समोर बसून राहिली, वाटी रिकामी होईस्तोवर. स्वतः घास घेतला न्हाय.
तोंडाला कोरड पडलीय. तांब्याभर पाणी प्यालो, जात न्हाय.

नंतर
खिडकीतून दिसतीय. अंगणात वाढं पिळत बसलीय. म्हशीला असंल म्हणलं — पण म्हैस तर मागंच विकली, गोठा रिकामा हाय.
एक बंध करून बघितला. टोक आत खोचलं. परत खोचलं.
दोनदा.

उठलो तर पडलो. दाराला बाहेरून कडी. मोबाईल हातात हाय, आकडे दिसत न्हाईत, नुसतं पांढरं. ओरडलो, आवाज फुटत न्हाय, जीभ लाकूड —

ऊन हाय ना अजून? कोपऱ्यात चौघं बसलेत. ओठ वाळलेले. त्यातला एक सरकून जागा करतोय मला —
न्हाय. कुणी न्हाय.

दाराशी आली. हळू बोलतीय. म्हणती, आता कुठं जायाचं न्हाय लखन. येणारा जातोच, मला एकटीला टाकून. तू ऱ्हा.
वाढ्याची सळसळ.

निके, मला गेणबाच्या फडात टाकतील. टाकंल. परत त्यांच्याच — लोक म्हणतील बघा, म्हातारा अजून —
आबा न्हाय. समद्यांना सांग. आबा न्ह
कडी निघा