सावोईचे डोंगर

बाबा, या जूनमध्ये मी फ्रान्समधले तुमचे डोंगर पाहून आले. त्या भागाचं नाव सावोआ. तुम्ही मात्र शेवटपर्यंत सावोईच म्हणालात, जणू गुहागरच्या पुढचा एसटीचा थांबाच. मस्कतला, रुवीतल्या ट्रॅव्हल ऑफिसच्या काउंटरवर बसून, उभ्या जन्मात न पाहिलेलं ते सावोई तुम्ही किती जणांना विकलंत! तळं सकाळी हिरवं असतं नि दुपारी निळं, गायींच्या गळ्यातल्या घंटा दरीपलीकडून ऐकू येतात, वर जूनमध्येसुद्धा बर्फ, कानटोपी न्या. बाहेर मस्कतचा पंचेचाळीस डिग्रीचा ताप, आणि समोरचं गिऱ्हाईक खरंच शहारायचं.

मी सातवीत होते. शाळा सुटली की तुमच्याजवळ येऊन बसायचे, मग आपण दोघं चालत दार्सैतला घरी जायचो. त्या दिवशी एका मराठी बाईंनी तुम्हाला विचारलं, तुम्ही स्वतः कधी गेला होतात का? तुम्ही म्हणालात, दोनदा. आणि मी, दीडशहाणी, मोठ्यांदा म्हणाले, "बाबा, खोटं का बोलता? तुम्ही तर कुठेच गेला नाहीत." बाई हसल्या, बघते म्हणून निघून गेल्या. तुमचे लाल झालेले कान मला अजून दिसतात. वाटेत तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. एवढंच म्हणालात, "अगो, मी गेलो नाय म्हणून डोंगर खोटा होतो काय?"

नाही झाला, बाबा. तळ्याचा रंग दुपारी बदलला. घंटाही ऐकू आल्या, आधी घंटा आणि बऱ्याच वेळाने गायी दिसल्या. नवरा आणि मुलगा फोटो काढत होते नि मला रडू आवरेना. मुलाने अडखळत्या मराठीत विचारलं, आई, तू रडते का? उंचीवर डोकं दुखतंय म्हणाले.

हाच बेत नऊ वर्षांपूर्वी ठरला होता. तुम्ही रिटायर होऊन दापोलीला राहत होतात. बाबांनाही नेऊ या, म्हणून नवऱ्याने तुमच्या व्हिसाचे फॉर्मसुद्धा भरायला घेतले होते. मीच म्हणाले, चढउतार फार, त्यांचे गुडघे चालायचे नाहीत. तुम्हाला फोन केला तर तुम्ही लगेच, हो हो, मी कशाला, तुम्ही जाऊन या, म्हणालात. पुढच्याच महिन्यात तुम्ही आम्हाला सोडून गेलात आणि बेत राहिला तो राहिलाच.

गुडघे निमित्त होतं, बाबा. तिथे भेटेल त्याला तुम्ही तुमच्या इंग्रजीत सावोईची माहिती सांगत सुटाल, याची मला लाज वाटली होती. हे लिहिलेलं धाडायचं तरी कुठे? घरात सगळ्यांना मी आजही गुडघेच सांगते.