मखमली यकृत आणि बंद तोंडाची नळी

तीर्थरूप मामांस,

दोन्ही पायांना नमस्कार, आणि डाव्या गुडघ्याला वेगळा, कारण त्याला मान दिला नाही की तो रुसतो असं तुम्हीच म्हणता. तब्येत कशी आहे? (हे रीतीप्रमाणे विचारलं, उत्तर देऊ नका. उत्तर मला पाठ आहे: "ठणठणीत!" फोनवर तेवढं म्हणता आणि फोन ठेवता. म्हणून पत्र. हातात आलेलं कापड आणि हातात आलेलं पत्र तुम्ही अर्ध्यात टाकत नाही, हे मला माहीत आहे.) इकडे सगळे बरे आहेत. सासूबाई बऱ्या आहेत. आमचे हेही बरे आहेत, फक्त त्यांच्या पोटावर अजून शिंप्याच्या खडूच्या रेघा दिसतात. त्याची हकीकत अशी.

परवा-परवा दुकानात एक बाई आल्या. वैद्यकीय कॉलेजात शरीररचना शिकवतात. पडद्यांचं काम असणार म्हणून मी टेप घेऊन उठले, तर म्हणाल्या, "मला एक यकृत शिवून हवंय." आता गिऱ्हाइकासमोर आपलं अज्ञान कधी दाखवू नये ही तुमची शिकवण. मी चेहरा हलू दिला नाही. विचारलं, "अस्तर लावून, की बिनअस्तराचं?" बाई इतक्या खूश झाल्या की काम तिथल्या तिथे माझ्या गळ्यात पडलं. वर्गात प्लास्टिकची यकृतं आहेत म्हणे, पण ती दाबता येत नाहीत. बाईंना दाबता येणारं हवं होतं, म्हणजे पित्त कुठे तयार होतं, कुठे साठतं आणि कुठून बाहेर पडतं हे मुलांना हातानं कळेल.

चित्र दिलं होतं, पण माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही हेही तुमचंच. म्हणून ह्यांना कापायच्या टेबलावर उताणं झोपवलं. यकृत उजव्या बरगड्यांखाली असतं, तिथे जाड, आणि डावीकडे निमुळतं होत जातं. शिंप्याची उजवी बाजू ती घालणाऱ्याची उजवी, हे आपण दोघं जाणतो. पण सासूबाई टेबलाच्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि त्यांची उजवी वेगळी होती. "अगं, उजवं हे इकडे! मी त्याची आई आहे!" घरात शांतता राहावी म्हणून मी दोन्हीकडे आखलं. (ह्यांना गुदगुल्या होतात हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला माहीत नव्हतं. रेघा वाकड्या आल्या त्या त्यामुळे.)

तर यकृत तपकिरी मखमलीचं केलं, आत कापूस. मोठा उजवा भाग, लहान डावा, मध्ये घडी. खालच्या अंगाला हिरव्या सॅटिनची पिशवी, पेअरच्या फळाएवढी नि तशाच आकाराची. ते पित्ताशय. मला वाटायचं पित्त तिथेच तयार होतं. तसं नाही मामा, पित्त करतं यकृत, पिशवी नुसती साठवते आणि आटवून घट्ट करते. यकृतातून दोन नळ्या निघतात, उजवी नि डावी, त्यांची एक होते, तिला पिशवीची नळी येऊन मिळते, आणि मग ती एकच मोठी नळी खाली लहान आतड्यात उघडते. पायजम्याचा नेफा शिवणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही, फक्त हा नेफा फाटे फुटलेला. पित्त म्हणून आत बारीक हिरवे मणी भरले. काम इतकं देखणं झालं की दुपारी पाहते तर आमचे हे त्याचीच उशी करून, गाल ठेवून घोरत होते. म्हणाले, "मऊ आहे गं." माझ्या यकृताला इतकं प्रेम कधी मिळालेलं नाही.

वर्गात प्रयोग पाहायला बाईंनी मलाही बोलावलं. मी शेवटच्या बाकावर, इस्त्रीची साडी, वधूमाय असल्यासारखी. बाई म्हणाल्या, आता तेलकट खाल्लंय असं समजा, पित्ताशय आवळतं, आणि पित्त आतड्यात येतं. त्यांनी पिशवी दाबली. काही आलं नाही. आणखी दाबली. मणी खाली जायचे ते उलटे वर चढायला लागले, नळ्या टरारल्या, मखमल फुगली, आणि उजव्या भागाची शिवण फाटून सगळं पित्त वर्गभर. दोन मुली घसरल्या. बाई मदतीला धावल्या आणि स्वतःच मण्यांवर बसल्या.

चूक माझी होती. मामा, नळीचं तोंड उघडं ठेवायचं होतं आणि मी ते दुमडून, तुरपून, वर बखिया मारून बंद केलं होतं. काय करणार, कापडाची कच्ची कड उघडी दिसली की तुमच्याकडे शिकलेला हात आपोआप चालतो. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाई जमिनीवरूनच हसत म्हणाल्या, "मुलांनो, हा पुढच्या आठवड्याचा धडा आजच झाला!" नळीचं तोंड बुजलं की असंच होतं म्हणे. इथे टाके आहेत, माणसात बहुधा खडा असतो. पित्त वर तुंबतं, रक्तात उतरतं, डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते.

मणी वेचता वेचता मी सहज विचारलं, एखाद्याचे डोळे पिवळे झाले आणि तो म्हणाला की खोलीतला बल्बच पिवळा आहे, तर? बाई हसत होत्या. मी म्हटलं, आणि बायकोनं बल्ब बदलला, तरी डोळे पिवळेच राहिले, तर? आणि तो दिवसभर फूटपट्टीनं पाठ खाजवत असेल, तर? बाईंचं हसू थांबलं. "कोण आहे हा माणूस?" मी म्हटलं, माझे मामा. त्या म्हणाल्या, आणा त्यांना, थांबू नका, तुंबलेलं पित्त नासलं की जिवावर बेततं. मामा, मी भर वर्गात रडले. खरं सांगते, यकृत फाटलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं.

तुम्ही सुरीला घाबरता असं मी कुणालाच सांगितलेलं नाही. खडा बहुतेक वेळा पोट न उघडता, तोंडातून नळी घालून काढतात. ते कसं करतात ते तुम्हाला सांगायला मला जमणार नाही, आणि तुम्ही डॉक्टरांना टाके कसे घालता म्हणून शिकवायला लागाल याची मला खात्री आहे. शिकवा. मी शेजारी बसून ऐकेन.

गुडघ्याला जपा. मामीला नमस्कार.

तुमची,
शिवण फाडलेली भाची

ता. क. मामीवर संशय घेऊ नका. ती मला काही सांगत नाही. बल्बचं मला स्वप्न पडलं.

ता. क. आणखी एक, सहज. उद्या सकाळी पोटाची सोनोग्राफी आहे. तुमच्या. बाईंच्या ओळखीचे पोटाचे डॉक्टर वाट पाहणार आहेत. रात्री काही खायचं नाही.

ता. क. पत्र पोस्टानं आलेलं नाही हे लक्षात आलंच असेल. ते घेऊन आलेले गृहस्थ माझे यजमान. समोर बसून चहा पीत असतील आणि तुमच्याकडे बघत नसतील, कारण त्यांना खोटं बोलता येत नाही. तुम्हाला घेतल्याशिवाय परत यायचं नाही अशी तंबी दिली आहे. तुमची पिशवी मामीनं सकाळीच भरून ठेवली. चष्माही त्यातच घालणार होती, पण मी म्हटलं, तेवढा पत्र वाचेपर्यंत राहू दे.