सिमेंटातले पितर

चि. दीपक साहेब यांस,

परवा तुझ्या कचेरीत चहा आला, तो बशीशिवाय. आसनाशिवाय संध्या आणि बशीशिवाय चहा, दोन्ही निष्फळ. एवढं तरी मामाने तुला शिकवलं होतं.

पिंपळनेरकडच्या तानुबाईच्या वनजमिनीच्या दाव्यासाठी मी पुरावे गोळा करतो आणि सरकारतर्फे तपासणीला तू येतोस. जमीन पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच घराकडे आहे याचा पुरावा म्हणून शेताच्या बांधावर उभे केलेले तिच्या पितरांचे दगड आम्ही तुला दाखवले. "असले दगड कुणीही आणून ठेवेल," असं तू म्हणालास. साहेबाचा शब्द म्हणून घरच्यांनी पितरांना सिमेंटात पक्कं बसवलं. दुसऱ्या खेपेला तू ते सिमेंट पाहिलंस आणि अतिक्रमण नवं ठरवून दावा फेटाळलास. या युक्तिवादाला न्यायशास्त्रात नाव सापडत नाही, मी शोधलं.

तानुबाई मला म्हणाली, "गुरुजी, आते पितरस्ले बी अपील करनं पडी का?"

अपील आम्ही केलं आहे, म्हणूनच हे पत्र तुला पाठवता येणार नाही. ते दगड उभे होताना पाहिलेली तानुबाई एकटीच आता हयात आहे. ती अंथरुणाला खिळली आहे, पेजसुद्धा घेत नाही. साक्षीपर्यंत ती जगेल की नाही, याची मला भीती वाटते.

तुझा मामा,
सध्या प्रतिपक्ष