स्कॉटिश स्थळाची चौकशी

सिडनी, शुक्रवार
(ऑफिसच्या टेबलावरून, जेवणाच्या सुट्टीत)

ती. विनीताताईस,

माधवचा नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का? भावोजींची साखर कशी आहे? (आंबे तू मोजूनच देत असशील.) इकडे चित्रा आणि नुपूर मजेत आहेत. मला मात्र कालपासून अन्न गोड लागत नाही.

तुला नुपूरच्या कॅलमबद्दल माहीत आहेच. वेस्टमीडच्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट, हा तिथे खांदा घेऊन आलेला स्कॉटिश रग्बी खेळाडू. (जमलं ते उपचार संपल्यावर, हे ती प्रत्येकाला आवर्जून सांगते.) चित्राने लगेच होकार दिला. मी आपला रीतसर बायोडेटा मागितला. बिचाऱ्याने पानभर पाठवला: एकोणिसाव्या वर्षी गावच्या क्लबात, पंधरा जणांच्या संघात. एकविसाव्या वर्षी देशाकडून सेव्हन्स. त्यात सात खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. (चौदा मिनिटं, ताई. मला तेवढा वेळ पार्किंग शोधायला लागतो. पण तशा तीन मॅचेस एका दिवसात खेळतात म्हणे, आणि नंतर उचलून आणावं लागतं.) मग खांदा निखळला, संघाबाहेर गेला, दोन वर्षं फ्रान्सला काढली, पुन्हा स्कॉटलंड, पुन्हा सेव्हन्स, मग नाक मोडलं, मग सिडनी. बारा वर्षांत सहा क्लब. एकोणीस वर्षं एकाच कंपनीत बसलेल्या माणसाने असा रेझ्युमे वाचून काय समजायचं? त्यात वय एकतीस आणि करार याच सीझनला संपणारा.

तेव्हा मी चौकशी करायचं ठरवलं. तुझ्या वेळी बाळकाकांनी भावोजींच्या ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना विचारलं होतं. इथे शिपाई नाही, म्हणून सोमवारी ऑफिसच्या फोनवरून मी थेट त्याच्या कोचलाच गाठलं. नाव सांगितलं नाही (चौकशीत सांगायचं नसतं). स्वभाव कसा, दारू किती, खांदा पुन्हा दगा देईल का, असं सगळं विचारलं. वर म्हणालो, आम्ही त्याला कायमचा घ्यायच्या विचारात आहोत, पण वर्षा-दोन वर्षांत सोडून जाणारा नको. कोच एकदम गंभीर झाला आणि माझा नंबर लिहून घेतला. मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे.

ताई, त्याला मी दुसऱ्या क्लबाचा माणूस वाटलो. त्याने कॅलमला सांगितलं, तुला मोठी संधी येतेय, आम्ही अडवणार नाही. आणि पुढच्या वर्षीची त्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकली. काल नुपूर नाचतच घरी आली. "बाबा, एका क्लबला कॅलम हवाय, लाँग टर्म! ॲट हिज एज! तो ॲक्च्युअली रडला." चित्राने शिरा केला. मी दोनदा घेतला, कारण नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

त्या पोराचं खेळणं मी बंद पाडलं, ताई. तो साडेसहा फूट असला तरी मला त्याची भीती वाटत नाही. नुपूरला कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, त्याची वाटते.

भावोजींना नमस्कार, तेजश्रीला मामाचा आशीर्वाद. पोस्टाची वाट न बघता या पत्राचा फोटोच पाठवतोय.

तुझा,
माधव

ता. क. रविवारी चित्राचा तुला फोन येईल. चौकशीचा हट्ट तूच धरला होतास, असं तिला सांग. लहानपणी माझं सगळं तूच अंगावर घ्यायचीस. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. वरचं राहू दे. आत्ता टेबलावरचा फोन वाजला. कॅलम होता. पाठ केल्यासारखं बोलला: खांदा बरा आहे, वेग थोडा कमी झालाय, पण मेहनतीत कमी पडणार नाही, तुमच्या क्लबला मी खरंच हवा आहे का? मी म्हणालो, "कॅलम, मी नुपूरचा बाबा बोलतोय. क्लब वगैरे काही नाही. घरात आम्ही तिघंच आहोत. पण तू हवा आहेस."

तो म्हणाला, नुपूरला यातलं काही कळू देऊ नका. तो क्लब मलाच पसंत पडला नाही, असं मी तिला सांगेन.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी नुपूरला मीच सगळं सांगणार आहे. तू चित्राशी काही बोलू नकोस. तुझ्या आणि भावोजींच्या व्हिसाचं तेवढं बघायला लाग.