गार लागलेलं चाक

आप्पा, आज सकाळी मी उलटा हात लावला. कुणाच्या थोबाडीत नव्हे, घाबरू नका. घरातल्या कॉम्प्युटरला लावला, आणि तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली तरी तुमची विद्या माझ्या हातात अजून शाबूत आहे हे बघून इतकी खूश झाले, की जेवणाची भांडी तशीच घासायला टाकून तुम्हाला लिहायला बसलेय. तुम्ही कॉम्प्युटर पाहिलात तो दौंडच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीपलीकडचा. इथे शिरूरच्या घरात आमच्याकडे एक आहे. घेतला होता तुमच्या नातीच्या शिक्षणासाठी, पण ती आता शिक्रापूरला कंपनीत लागली, तिचं तिला वेगळं मशीन मिळालं. मी आठवड्यातून एकदा शाळेच्या प्रश्नपत्रिका टाईप करते. बाकी सकाळ-संध्याकाळ तो आईचा. व्हय, आईचा! रेल्वे क्वार्टरात गॅसच्या शेगडीला बारा महिने घाबरणारी तुमची बायको सत्याहत्तराव्या वर्षी माऊस धरून पत्त्यांचे डाव लावते, आणि जिंकली की पडद्यावर पत्ते उड्या मारतात ते बघायला सगळ्यांना हाका मारते. चहा उतू गेला तरी जावं लागतं.

तर हा कॉम्प्युटर सोमवारी रुसला. बटण दाबलं की पंख्याचा आवाज यायचा, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटायचं, त्याखाली पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागायचे, आणि फिरता फिरताच सगळं एकदम काळं. पुन्हा दाबलं की पुन्हा तेच. सुरू व्हायचा, पण पुरता सुरू व्हायचाच नाही. दसऱ्याला आम्ही सगळे दौंडच्या विहारात आलो होतो, तिथून दोन दिवसांनी परतलो, आणि बटण पहिल्यांदा दाबलं ते आईनं. त्यामुळे संशयाची सुई कुणाकडे वळली असेल ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्या जावयांनी कंबरेवर हात ठेवून 'व्हायरस' असं निदान केलं. त्यांना दातदुखीसुद्धा व्हायरसनंच होते. नात कंपनीच्या बसला निघता निघता म्हणाली, "आजी, तू कायतरी डाऊनलोड केलं असशील." आणि मी काय केलं? मी तुमचा प्रश्न विचारला. मधोमध उभी राहून, तुमच्याच आवाजात, "शेवटचा हात कुणाचा?"

आई म्हणाली, "माझाच आसंल. मीच दाबलं न्हवं का." मग तिनं कॉम्प्युटरवर तिचा जुना टॉवेल घातला, पिंजऱ्यावर घालतात तसा, आणि त्या कोपऱ्याकडे फिरकलीच नाही. आम्ही "असू दे गं" म्हणत राहिलो, पण 'असू दे' म्हणजे तुझी चूक आम्ही पोटात घातली, एवढाच त्याचा अर्थ. आज रविवार. सकाळी बघते तर तिची पिशवी भरलेली. दुपारच्या एसटीनं खुटबावला मामाकडे जाते म्हणाली. "तितं गाया-म्हशी हायती. माझा हात लागून काय मोडायचं न्हाई." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. तिला मी चांगली ओळखते आप्पा, ती एकदा अशी गेली की दिवाळीलाही परत येत नाही. आणि आली तरी त्या माऊसला पुन्हा हात लावणार नाही, हे तर नक्कीच. म्हटलं, एसटीला अजून चार तास आहेत. बघू.

मला दौंडचं यार्ड आठवलं. शाळेला सुट्टी असली की मी तुमचा डबा घेऊन येते आणि लोखंडी कुंपणाच्या अलीकडे उभी राहते. मालगाडी येऊन थांबते. तुम्ही खाकी कपड्यांत, हातात लांब दांड्याचा हातोडा, एका टोकाकडून निघता. चाकावर ठण्ण करून मारता, कान देता, पुढे जाता. मध्येच वाकून हाताची मागची बाजू चाकाजवळ नेता, तापलेल्या तव्याचा अंदाज आई घ्यायची तशी. मी विचारते, "आप्पा, तळहात का नाही लावत?" तुम्ही म्हणता, "तळहात कामानं मेलाय. त्यो कायबी सांगत न्हाई. मागची बाजू खरं बोलती." मला वाटायचं, तुम्ही फक्त गरम चाक शोधता. एकदा तुम्ही एका डब्याशी थांबलात, खडूनं त्यावर खूण केलीत आणि डबा गाडीतून काढायला लावलात. मी म्हटलं, लई तापलं होतं का? तर तुम्ही म्हणालात, "तापलं न्हवतं, तेच तर. गाडी ब्रेक मारून थांबली. समदी चाकं कोमट, आन् ह्ये एकलंच गार. म्हंजी ह्याचा ब्रेक लागतच न्हाई. तापल्यालं चाक दिसतं गं, वास येतो. गार चाकानं फसायला होतं."

आणि तुमचा तो प्रश्न. घरात काहीही बिघडलं, शिवणयंत्र असो की स्टोव्ह, तुम्ही आधी हत्यार नाही, प्रश्न काढायचात. मी सहावीत असताना तुमचं गजराचं घड्याळ बंद पडलं, ते तुम्हाला नक्की आठवत असेल. पहाटेच्या ड्युटीला तुम्ही उशिरा पोचलात, उभ्या नोकरीत पहिल्यांदा, आणि साहेबानं चारचौघांत ऐकवलं. घरी येऊन तुम्ही उंबऱ्यात पेपर अंथरलात, घड्याळ उघडलंत, आत एक चक्री जागेवर नव्हती. "शेवटचा हात कुणाचा?" मी खिडकीतून बाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होते. आईचे हात पिठात होते, तसेच वर धरून ती म्हणाली, "माझा. पुसताना हातातनं निसटलं." तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "चुकंचं काय न्हाई. पर हात कुणाचा ते कळलं की निम्मा दोष घावतो. न्हाईतर समद्या गाडीचे नट खोलत बसायचं." आठ दिवसांनी तुम्ही बाजारातून लाल मुठीचा एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणलात आणि माझ्या हातात दिलात. मला वाटलं, सहामाहीत गणितात चांगले मार्क पडले म्हणून.

तोच स्क्रूड्रायव्हर आज सकाळी काढला. टॉवेल बाजूला केला. तुमचे जावई म्हणाले, "दुकानवाल्याला बोलवू, तो सगळं पुसून नवीन भरून देईल." मी म्हटलं, थांबा, आधी मला ऐकू द्या. बटण दाबलं आणि मनगटावरचं घड्याळ धरून बसले. ठिपके फिरले, पडदा गेला. लगेच पुन्हा दाबलं तर त्याच्या निम्म्या वेळातच गेला. मग चहा केला, सावकाश प्यायले, आणि पुन्हा दाबलं. या खेपेला पठ्ठ्या बराच टिकला. गार असला की चालतो, चालला की बसतो. आप्पा, हा तर तुमचाच विषय निघाला! आत कुठेतरी काहीतरी तापत होतं. बंद पडल्याबरोबर पिन काढली, कॉम्प्युटरच्या खोक्याची एक बाजू उघडली आणि आत उलटा हात नेला. वीज येते तो डबा कोमट. माहिती साठवतात ती तबकडीची पेटी कोमट. आणि मधोमध, छोट्या पंख्याखाली धातूच्या पट्ट्यांचा गठ्ठा असतो, खालच्या मेंदूची, म्हणजे प्रोसेसरची, उष्णता ओढून घ्यायला, तो सगळ्यात जास्त तापायला हवा. तो गार. विहिरीतून काढल्यासारखा गार.

मी मोठ्यानं ओरडले, "गार चाक!" तुमचे जावई दारात येऊन उभे राहिले, बहुतेक मलाही व्हायरस झाला असं वाटून. वाकून बघितलं तर तो गठ्ठा खाली चार पायांवर बसतो, आणि त्यातले दोन पाय वर आलेले. म्हणजे गठ्ठा अधांतरी होता, खाली टेकलेला नव्हता. खालचं भाजत होतं आणि वरच्याला पत्ता नव्हता. पंचवीस वर्षं मी सातवीच्या पोरांना उष्णतेचं वहन शिकवतेय, दोन वस्तू एकमेकींना टेकल्याशिवाय उष्णता जात नाही म्हणून फळ्यावर आकृत्या काढतेय, आणि ही माझ्या घरची आकृती.

पण पाय वर आले कसे? पत्ते खेळून असले पाय वर येत नाहीत. आणि मग मला आठवलं, आप्पा. दसऱ्याला बाकीच्या क्वार्टरांत हत्यारांना झेंडूचे हार पडायचे, तेव्हा तुम्ही तुमचे पाने-पकडी रॉकेलच्या घमेल्यात बुडवून, घासून, तेलाचा हात देऊन ओळीनं मांडायचात, "पुजा नगं, सफाई पायजे" म्हणायचात, आणि मग पांढरा सदरा घालून विहारात निघायचात. ती रीत मी मोडलेली नाही. यंदा दसऱ्याच्या सकाळी वीज नव्हती. म्हटलं, बरी संधी आहे. कॉम्प्युटर उघडला, ब्रशनं धूळ काढली, आणि हौस म्हणून पंखा त्या गठ्ठ्यासकट उचकटून पुसला. परत बसवताना टक, टक आवाज आला. तो चारदा यायला हवा होता. मी दोनदा ऐकून झाकण लावलं आणि पांढरी साडी नेसून तुमच्या गावाला निघाले. वीज नसल्यामुळे सुरू करून बघणं राहिलं ते राहिलंच. साफसफाई हा काही 'हात' नव्हे, अशी माझी पक्की समजूत. सोमवारपासून घरात सगळे तापलेले होते. नात तापलेली, जावई तापलेले, आई आतून पोळलेली. एकटी मीच गार. आणि प्रश्न विचारत फिरत होते तीही मीच.

चारही पाय एकेक करून दाबले. टक, टक, टक, टक. बटण दाबलं. चिन्ह आलं, ठिपके फिरले, फिरले, फिरले आणि पडदा उजळला. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. आई पिशवीची गाठ मारत होती. म्हटलं, "आई, शेवटचा हात माझा होता. दसऱ्याला मीच उघडला होता." सांगताना जीभ जड झाली, पन्नाशी उलटलेल्या बाईची!

आईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पदर तोंडाला लावून अशी हसली, की तिला ठसका लागला. "बापाला घड्याळाचं सांगायला भ्यालीस, आन् आज मला सांगितलंस. चाळीस वर्सं लागली गं बाई तुला."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजी काय? त्यांना ठावं हुतं. दुसऱ्या दिशी डबा घेताना मला म्हनले, तुझ्या हातांना पीठ हुतं आन् तिच्या नखांत त्याल. पोरीला आतलं बघायची हौस हाय, तर सुरीनं नगं, नीट हत्यारानं बघू दे. आन् आणला की त्यो लाल मुठीचा."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. रडले थोडी, पण आईच्या हसण्यात ते वाहून गेलं. पिशवी परत रिकामी झाली. दुपारची एसटी आईशिवायच गेली. तुमचे जावई आता ज्याला त्याला फोनवर सांगतायत, की आमच्याकडे कॉम्प्युटर रेल्वेच्या पद्धतीनं दुरुस्त होतो.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, त्याच कॉम्प्युटरवर टाईप करतेय, चालू आहे ना तेही बघणं होतंय. आई दोनदा येऊन खुर्चीमागे उभी राहून गेली. "काय लिव्हतीस येवढं? उरक, माझा डाव ऱ्हायलाय." मी म्हटलं, शाळेचं काम आहे. खोटंच. सुधारायला अजून वेळ आहे मला. पण तुम्हाला ठाऊक होतं ते आईच्या तोंडून कळलं, माझ्या तोंडून ते तुम्ही कधीच ऐकलं नाहीत, म्हणून खुर्ची सोडण्याआधी सांगते. घड्याळ आईच्या हातून पडलं नव्हतं, आप्पा. शेवटचा हात माझा होता.