बिजलीच्या पाठीवरची जागा

बेसा, नागपूर
१२ जानेवारी २०२५

प्रिय सिंधूताई,

सप्रेम जय भीम. भाऊजींचा खोकला आता कमी झाला असेल. आम्ही सगळे बरे आहोत. पार्वतीमावशी उद्या सावनेरला परत निघाली आहे, तिच्याजवळ मयुरी डिंकाचे लाडू देणार आहे. जरा कडक झालेत, भाऊजींनी दात सांभाळून खावेत. बिजली घोडी आणल्यापासून तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र लाडवांच्या डब्यात ठेवतो. निदान हाताला तरी लागेल.

मावशीने तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. तिला कुठे काही गाळता येतं! "त्याले म्हणा, त्या घोडीनं माह्या पोरीले पाठीवर बसू दिलं नाही. आता लोकाच्या लेकरांचा जीव काहून धोक्यात टाकून राहिला?" हातातला चहा निवून गेला.

आधी घोडेस्वारीच्या उपचार केंद्राचं सांगतो. मातीचं रिंगण झालं, भोवती बांबूचं कुंपण झालं. व्हीलचेअर थेट घोडीच्या पाठीशी नेता यावी म्हणून सिमेंटचा चढ बांधला. गवंड्याने तो दोनदा चुकवला, मी दोनदा फोडायला लावला. फिजिओथेरपीच्या प्रीती मॅडम आठवड्यातून चार दिवस येणार आहेत. इथे फक्त पाय न चालणारी मुलंच बसतील असं नाही. शेजारच्या सोसायटीतली हुंदडणारी पोरं, दृष्टी नसलेला कॉलेजातला पियुष, अर्धांग झालेले रुपराव मास्तर, सगळे एकाच रांगेत. पाहुणे आले म्हणून कुणाला बाजूला न्यायचं नाही, हा नियम मी केला. लोक म्हणतात, चेतनभाऊ, मोठं मन आहे तुमचं. हे ऐकलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं.

घोड्याच्या पाठीची ऊब मांड्यांना लागते, चालीबरोबर कंबर हलते आणि आवळलेले पाय हळूहळू सैल होतात. मॅडमनी हे समजावलं तेव्हा मी रिंगणाबाहेर जाऊन उभा राहिलो. भूमिकाचे पाय आठवले, कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. तू रोज तेल लावून ते सोडवायचीस.

बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंनी दोन माणसं चालतात, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून. सध्या आम्ही रिकाम्या घोडीबरोबर सराव करतो. माझा हात दरवेळी एकाच उंचीला जातो. मॅडम म्हणतात, इतका वर नको, मोठ्या माणसाचा गुडघा खाली येतो. मी हात खाली घेतो. पुढच्या फेरीत तो परत सात वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याशी जाऊन थांबतो. आणि ताई, तिथे हाताला काहीतरी लागतं. भर दुपारी, सगळ्यांसमोर लागतं. मला भीती वाटते.

बिजली मला कळमन्याच्या बाजारात सापडली, कांद्याच्या पोत्यांची गाडी ओढताना. माझ्या लग्नानंतर बिथरणारी घोडी म्हणून तिचं नाव झालं आणि तिच्या मालकाला, कवडूला, वरातीसाठी कुणी बोलावेना. मी घोडीसोबत त्यालाही इथे आणलं. तो दिवसभर तिचा खरारा करतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. तुझा निरोप ऐकून मात्र त्याचा हात थांबला. म्हणाला, "भाऊ, ताईले खरं सांगा. तवर मी हिच्यावर एकही लेकरू बसू देणार नाही."

तर ऐक.

महिनाभर मी भूमिकाला सांगत होतो, वरातीत माझ्यापुढे तू बसशील. तू तिच्यासाठी पिवळा फ्रॉक शिवलास. कवडूने तिला उचलून माझ्यापुढे बसवलं. बँड वाजत होता, फटाके फुटत होते आणि बिजली पाय रोवून उभी होती. भूमिकाची मान माझ्या छातीवर कलली, शेरवानीवर लाळ आली. समोर मयुरीकडची मंडळी मोबाइल धरून उभी होती. त्यांच्यातलं कुणी हसलं की मलाच तसं वाटलं, आज सांगता येत नाही. मी वाकून कवडूला म्हटलं, "इले खाली घे. कोणी विचारलं तर सांग, घोडी बिथरते." तू तेव्हा मांडवात होतीस. तुला मी स्वतः तेच सांगितलं.

बिजली हललीसुद्धा नव्हती, ताई.

दुसऱ्या दिवशी भूमिकाने मला विचारलं, "मामा, घोडीले मी आवडत नाही का?" तेव्हा तरी खरं बोलायचं. मी म्हणालो, "ती तुह्या पायाले भेली, बेटा."

त्यानंतर ती दोन वर्षं जगली. रस्त्याने बैल गेला, बकरी गेली, तरी ती शालीखाली पाय लपवायची. तू म्हणायचीस, हिला थंडी फार वाजते. ती थंडी नव्हती. तिच्या शेवटच्या न्यूमोनियात मी दवाखान्यात भेटायला आलो तेव्हाही तिने पाय झाकून घेतले होते. मी उशाशी बसलो, डोक्यावरून हात फिरवला आणि काही न सांगता निघून आलो. त्या दिवसाची मला फार लाज वाटते.

सव्वीस तारखेला केंद्र सुरू होईल. पाटी अजून कोरी आहे. भूमिकाचं नाव द्यावं असं सगळे म्हणतात, मयुरीही म्हणते. तिला यातलं काही माहीत नाही. आता हे पत्र तिला वाचायला देईन आणि मगच डबा बंद करीन. पाटीवर काय लिहायचं ते तू सांग. काहीच नको म्हणालीस तर ती कोरीच लावीन. तुझं उत्तर येईपर्यंत बिजली रिकामी फिरेल.

माफी मागत नाही, ती भूमिकाकडे मागायची होती. तू कधी आलीस तर माझ्याशी बोलू नकोस, पण बिजलीजवळ एकदा उभी राहा. तुझ्या मुलीला तिने पाठीवर घेतलं होतं. ती तिला भ्याली नव्हती. भ्यालो मी.

भूमिकाच्या पायांवर आळ घालणारा तिचा मामा,
चेतन