पश्चिमेची सात झाडं

प्रिय चिमणे,

टेकडीवरचा वारा किती घटला, यावरचा तुझा कच्चा अहवाल पोचला. पहिल्याच पानावर ‘माझ्या बाबांच्या तीस वर्षांच्या बिनचूक वह्यांवरून’ असं वाचून तुझी आई ते पान शेजारणीला दाखवून आली. माझा चहा मात्र तसाच निवला.

इकडे सगळं झकास. गुडघा कुरकुरतो, तरी रोज सकाळी टेकडीवर जातोच. निवृत्त माणसाला वारा मोजायला कुणी सांगितलंय, असं आई म्हणते. सवय गं, दुसरं काय! नऊही पवनचक्क्या आता माझ्यासारख्याच कुरकुरतात. त्यांच्या जागी नव्या उभ्या करायच्या की टेकडीच सोडून द्यायची, हे तुझ्या अहवालावर ठरणार, म्हणून इथला मिस्त्री मला रोज गाठतो. त्याची नोकरी त्यावरच आहे.

आठवतं, तू सहा वर्षांची असताना वारा मोजायच्या खांबाशेजारी आपण सात रोपं लावली? माझ्या खोलीवर दुपारचं ऊन यायचं म्हणून. तू डब्याने पाणी घालायचीस, निम्मं स्वतःच्या चपलांवर. खांबाजवळ उंच काही नको, हा नियम मला तोंडपाठ होता. पण वीतभर रोपं ती, काय वारा अडवणार, म्हटलं. झाडं छपराच्या वर गेली आणि आकडे उतरू लागले. मला कळलं होतं, चिमणे. पण तुझ्या हातची झाडं तोडवेनात आणि साहेबांना सांगायची लाज वाटली. मूग गिळून लिहीत राहिलो.

गेल्या वर्षी मिस्त्रीकडून टेकडीच्या उघड्या टोकाला दुसरं यंत्र बसवून घेतलं. पूर्वेचा वारा असला की दोन्हींचे आकडे जुळतात. झाडांच्या बाजूने, पश्चिमेकडून आला की आपला खांब कमी दाखवतो. मग जुन्या वह्यांतले पूर्वेच्या वाऱ्याचे दिवस तेवढे वेगळे काढले. वारा खरंच मंदावलाय, हंगामही दोन आठवडे उशिरा सुरू होतो. पण तू लिहिलीस तिच्या जेमतेम तिसरा हिस्सा घट आहे. एवढ्या वाऱ्यावर नव्या पवनचक्क्या आरामात फिरतील.

तुझा अहवाल सोमवारी जायचाय, म्हणून हे पत्र मिस्त्रीच्याच हाती पाठवतोय. सोबत त्या दिवसांची यादी आहे. माझ्यावर विसंबू नकोस, स्वतः तपास. तुला सगळं पुन्हा लिहावं लागेल, बोलणीही बसतील, माफ कर. चूक माझ्या नावावर घाल. मला फार हलकं वाटतंय. झाडांना हात लावू देऊ नकोस, खांबच हलवायला सांग. आणि पहिल्या पानावरचा ‘बिनचूक’ तेवढा खोड. ‘माझ्या बाबांच्या’ राहू दे.

तुझाच, वाऱ्याला आडवा आलेला,
बाबा